वाचकांचे प्रश्न : बुजलेली पायवाट आणि न उडालेला पिंगळा

गेल्या अंकात चेक संगीतकार लेओश यानाचेक (1854–1928) यांच्या ‘बुजलेल्या पायवाटेवरून’ या पियानोरचनांच्या मालिकेचा परिचय या सदरात करून दिला होता. मोराव्हिया या चेक प्रांतातील हुक्वाल्डी या त्यांच्या जन्मगावाच्या आठवणी आणि त्यांच्या घरातील मृत्यू या दहा छोट्या रचनांत एकत्र आले आहेत, एवढेच त्या वेळी जागेअभावी सांगता आले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

मी ही मालिका इंटरनेटवर ऐकली. तिथे तिचा परिचय ‘तरुण मुलीच्या मृत्यूनंतर लिहिलेले शोकसंगीत’ असा दिला आहे. आपण मात्र तिला गावच्या आठवणींचे संगीत म्हटले होते. दोहोंपैकी खरे काय मानावे? — एक वाचक, वाई

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्यांचा क्रम ध्यानात घेतला नाही तर या संगीताचा गाभाच हातून निसटतो. म्हणून आधी तारखा पाहू.

यानाचेक यांनी या मालिकेला सुरुवात केली ती 1900 च्या सुमारास. ते तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले, ब्रनो शहरात संगीत शिकवून चरितार्थ चालवणारे आणि फारशी कीर्ती न लाभलेले संगीतकार होते. खेडोपाडी हिंडून लोकगीते गोळा करण्याचे काम त्यांनी फ्रांतिशेक बार्तोश या अभ्यासकाबरोबर कित्येक वर्षे केले होते आणि त्या दोघांचा दोन हजारांहून अधिक गीतांचा मोठा संग्रह याच काळात प्रसिद्ध होत होता. मालिकेतील पाच रचना हार्मोनियमसाठी म्हणून 1901 आणि 1902 मध्ये छापल्या गेल्या. आज ज्यांना आपण ‘आमच्या संध्याकाळी’, ‘वाऱ्यावर गेलेले पान’, ‘फ्रीदेकची माता मेरी’, ‘शुभ रात्री’ आणि ‘पिंगळा उडून गेला नाही’ या नावांनी ओळखतो, त्याच या पाच रचना होत. त्यांची मुलगी ओल्गा वारली ती 26 फेब्रुवारी 1903 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी. म्हणजे ज्या रचनांना सर्वांत अधिक शोकगर्भ समजले जाते त्यांतील काही, विशेषतः शेवटची पिंगळ्याची रचना, ओल्गा हिंडती-फिरती असतानाच कागदावर उतरली होती.

मग शोक आला कुठून? 1902 मध्ये ओल्गा सेंट पीटर्सबर्गला काकांकडे गेली असता तिला विषमज्वर झाला. त्या उन्हाळ्यात आईवडिलांनी तिला परत आणले आणि हवापालट व्हावा म्हणून हुक्वाल्डीला ठेवले. ज्या गावाच्या सुखद आठवणींतून ही मालिका निघाली होती, त्याच गावात, त्याच टेकडीखाली आता आजारी मुलीच्या उशाशी रात्री काढाव्या लागल्या. पुढे 1908 पर्यंत मालिकेत भर पडून ती नऊ रचनांची झाली, हार्मोनियमऐवजी पियानोसाठी ठरली आणि 1911 मध्ये दहा रचनांसह ब्रनो येथे प्रसिद्ध झाली. हार्मोनियमच्या वेळी या रचनांना सुटी नावे नव्हती, मालिकेला काय ते एक नाव होते. ‘अतोनात घालमेल’, ‘रडताना’, ‘पिंगळा उडून गेला नाही’ ही नावे पुढच्या टप्प्यात आली. 1908 साली यान ब्रानबेर्गर या संगीतसमीक्षकांना लिहिलेल्या पत्रात यानाचेक यांनी आठव्या आणि नवव्या रचनेमागच्या उन्हाळ्यातील तापलेल्या रात्रींचा आणि मरणाच्या चाहुलीचा उल्लेख केला आहे.

माझ्या मते या मालिकेचे मर्म या क्रमातच आहे. अनुभव आधी आणि त्यावरचे संगीत मागाहून, असे आपण धरून चालतो. इथे गावाच्या आठवणींचे संगीत आधी तयार होते आणि दुःख नंतर येऊन त्या संगीतात मुक्कामाला राहिले. बापाने आपलीच जुनी रचना पुन्हा वाजवून पाहिली असेल तेव्हा तिच्यातला पक्षी त्याला निराळा ऐकू आला असेल, आणि म्हणूनच त्याने तिला ते नाव दिले असेल, असे मला वाटते.

मालिकेचे नावही याच दुहेरी अर्थाचे आहे. मोराव्हियातील एका लग्नगीतात नवरी मुलगी म्हणते की, माझ्या आईच्या घराकडे जाणारी पायवाट रानगवताने बुजून गेली आहे. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. यानाचेक स्वतः वयाच्या अकराव्या वर्षी गाव सोडून ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात गाणारा मुलगा म्हणून राहायला गेले. वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करणारे ग्रेगोर मेंडेल ज्या मठात होते तोच हा मठ. घराकडची वाट बुजणे म्हणजे काय, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होते.

दहाव्या रचनेचे नाव काही ठिकाणी ‘बार्न आउल’ असे दिलेले आढळते, म्हणजे आपले गव्हाणी घुबड. आपण ‘पिंगळा’ असे का लिहिले? एका पक्ष्याच्या नावाने संगीतात काय फरक पडतो? — एक पक्षीनिरीक्षक वाचिका, नाशिक

आपल्या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण हा फरक वाजवणाऱ्यालाही उपयोगी पडणारा आहे. मूळ चेक नावात ‘सीचेक’ हा शब्द आहे. सीचेक म्हणजे युरोपातील लहानखुरे, दिवसाउजेडीही दिसणारे, शेताच्या कडेला आणि जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे घुबड. त्याचे शास्त्रीय नाव अथेनी नॉक्टुआ आणि आपल्याकडच्या पिंगळ्याचे अथेनी ब्रामा. ‘अथेनी’ या एकाच गटातील हे दोन जवळचे भाऊबंद आहेत. गव्हाणी घुबड हे निराळ्या कुळातील, पांढऱ्या बदामी तोंडाचे आणि कर्कश चिरकणारे. इंग्रजी नावात ते कधीतरी शिरले आणि छापील प्रतींतून पुढे चालत राहिले. मराठीत सुदैवाने अचूक शब्द हाताशी असताना ती चूक आपण उचलण्याचे कारण नाही.

मोराव्हियातील समजूत अशी की, आजारी माणसाच्या घराशी सीचेक येऊन बसला आणि हाकलूनही गेला नाही, तर ते माणूस वाचत नाही. पिंगळ्याच्या बोलण्यावरून शकुन-अपशकुन पाहण्याची रीत महाराष्ट्रातही जुनी आहे. पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवत दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. त्यामुळे ‘उडून गेला नाही’ या तीन शब्दांतले भय मराठी वाचकाला तळटीपेवाचून कळते.

आता संगीताकडे येऊ. रचनेच्या सुरुवातीला खालून वर झपकन उसळणारी स्वरांची लाट येते, अंधारात पंख फडफडावेत तशी. ती विरते न विरते तोच एक छोटीशी, दबक्या आवाजातली हाक ऐकू येते. ती हाक तशीच पुन्हा येते, पुन्हा येते. त्यानंतर दोन्ही हातांनी वाजवायची एक संथ, भरदार, चर्चमधील सामूहिक प्रार्थनेसारखी धून सुरू होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता उजाडले. पण लाट परत येते आणि मागोमाग हाक. ब्रानबेर्गर यांना लिहिलेल्या त्याच पत्रात यानाचेक यांनी या दोहोंना, पक्ष्याच्या अशुभ हाकेला आणि जगण्याच्या जिव्हाळ्याच्या गाण्याला, समोरासमोर ठेवले आहे. प्रार्थनेची धून जेव्हा जेव्हा येते तेव्हा ती मनापासून आलेली असते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. ती धून नुसती हाकेच्या विरोधासाठी घातली आहे अशा समजुतीने पुष्कळ जण ती घाईने वाजवून टाकतात आणि रचनेचा प्राणच जातो.

माझ्या घरामागे जुने आंब्याचे झाड आहे आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची एक जोडी गेली काही वर्षे राहते. त्यांचे बोलणे किलकिलाटी, भांडल्यासारखे आणि एकावर एक आदळणारे असते. सीचेकची हाक त्याहून सुटी आणि मोजकी असते. ही रचना बसवत असताना मी हाकेचे स्वर नकळत आमच्या पिंगळ्यांच्या घाईने वाजवत होतो. सीचेकच्या हाकेचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर चूक उमगली. हाक आणि हाक यांच्यामध्ये तो पक्षी थांबतो, आणि खरी भीती त्या थांबण्यात आहे.

या रचना मुळात हार्मोनियमसाठी होत्या हे वाचून उत्सुकता वाटली. आमच्या साध्या पेटीवर त्या वाजवता येतील का? — एक पेटीवादक, कोल्हापूर

जशाच्या तशा येणार नाहीत. यानाचेक ज्या हार्मोनियमसाठी लिहीत होते ते पायाने भाता मारण्याचे, साधारण पाच सप्तकांचे वाद्य होते. आपल्या संगीत नाटकांच्या काळात रंगमंचापुढे जी पायपेटी असे, तिच्याच घराण्यातले. दोन्ही हात वाजवायला मोकळे असल्यामुळे डाव्या हाताला स्वतंत्र काम देता येत असे. आपल्या हातपेटीत एक हात भात्यात अडकतो आणि सप्तकेही तीन-साडेतीनच मिळतात. तरीसुद्धा ‘शुभ रात्री’मधील वरची धून पेटीवर जरूर वाजवून पाहावी, कारण भात्याच्या श्वासावर चालणाऱ्या वाद्यात जो एक सलग उसासा असतो तो तिथे फार शोभतो.

पियानोवर आल्यावर नेमकी हीच गोष्ट बदलली. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो, तर पियानोचा सूर हातोडी तारेवर आपटल्याच्या क्षणापासून मावळू लागतो. सूर टिकवायचा असेल तर पियानोवादकाला तो पुन्हा पुन्हा छेडावा लागतो, थरथरत ठेवावा लागतो. यानाचेक यांच्या पियानोलेखनात ही थरथर जागोजागी आहे. मोराव्हियातील खेड्यांत त्सिम्बाल नावाचे, काठ्यांनी तारा छेडण्याचे, आपल्या संतूरच्या जातीचे वाद्य असते. त्याचा झणत्कार त्यांच्या कानात बसलेला होता आणि तो इथे कामी आला. ‘फ्रीदेकची माता मेरी’ ही रचना या दृष्टीने ऐकावी. फ्रीदेक हे हुक्वाल्डीजवळचे यात्रेचे ठिकाण. आधी चर्चमधले गंभीर स्वर येतात आणि मग दुरून, मंद थरथरीवर तरंगत, यात्रेकरूंचे गाणे येते. दिंडी वळणाआड असतानाच तिचा अभंग आधी कानी पडतो आणि माणसे नंतर दिसतात, हा अनुभव ज्यांना आहे त्यांनी ती जागा लगेच ओळखावी.

यानाचेक यांनी मुलगी मृत्युशय्येवर असताना तिच्या बोलण्याचे स्वर वहीत टिपून ठेवले, असे वाचनात आले. हे मला फार निष्ठुरपणाचे वाटले. असा माणूस दुःखाचे संगीत प्रामाणिकपणे लिहू शकतो का? — एक वाचिका, पुणे

आपली अस्वस्थता मी समजू शकतो. मलाही ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले होते. परंतु या माणसाची सवय काय होती हे आधी पाहिले पाहिजे. 1890 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत यानाचेक जवळ वही बाळगून असत आणि बाजारातल्या विक्रेतीचे बोलणे, मुलांच्या हाका, रेल्वे फलाटावरचे निरोप, पक्ष्यांचे आवाज हे सर्व स्वरलिपीत टिपत असत. माणूस काय म्हणतो यापेक्षा ते तो कोणत्या चढउतारात म्हणतो यात त्याचे मन दिसते, अशी त्यांची पक्की धारणा होती. त्यांच्या दृष्टीने बोलण्याचा तो चढउतार म्हणजेच ते माणूस.

त्यांचा धाकटा मुलगा व्लादिमीर 1890 मध्ये अडीच वर्षांचा होण्यापूर्वीच गेला होता. आता दुसरे आणि शेवटचे मूल जात होते. ज्या बापाला छायाचित्रापेक्षा आवाज अधिक खरा वाटतो, त्याने तो आवाज जाऊ नये म्हणून आपल्याला येत असलेल्या एकमेव लिपीत लिहून ठेवला, यात मला निष्ठुरपणा दिसत नाही. त्याच दिवसांत ते ‘येनूफा’ हा ऑपेरा पुरा करत होते. तो आपल्याला रंगमंचावर पाहायला मिळणार नाही हे जाणून ओल्गाने तो ऐकवण्याचा हट्ट धरला आणि त्यांनी तो पियानोवर तिला वाजवून दाखवला. पुढे त्यांनी तो तिच्या स्मृतीला अर्पण केला.

प्रामाणिकपणाचे म्हणाल तर नववी रचना ऐकावी. ‘रडताना’ असे नाव असलेली ही रचना जी मेजरमध्ये, म्हणजे ऐकायला प्रसन्न वाटणाऱ्या स्वरसप्तकात आहे. तिच्यात आक्रोश कुठेच नाही. एक साधी धून आहे, ती थोडी पुढे जाते, अडखळते आणि पुन्हा पहिल्या स्वरांकडे वळते. घरातले माणूस गेल्यावर चार दिवसांनी आपण कपाट आवरायला घेतो आणि हात मध्येच थांबतो, तसे ते आहे. शोकाचे प्रदर्शन मांडायचे असते तर कोणत्याही संगीतकाराने याहून भारी साधने वापरली असती.

मी प्रौढ वयात पियानो शिकत आहे. घरी डिजिटल पियानो आहे. यांपैकी कोणत्या रचनेपासून सुरुवात करावी आणि कोणाचे वादन ऐकावे? — एक विद्यार्थी, मडगाव

‘शुभ रात्री’पासून करावी. ती सी मेजरमध्ये असल्याने काळ्या पट्ट्यांचे भय कमी, आणि तिच्यातली अडचण वेगाची नसून स्पर्शाची आहे. साथीतील छोटी, सतत येणारी आकृती घड्याळाच्या ठोक्यासारखी कोरडी होऊ न देता तिच्यावर धून अलगद ठेवायची असते. आधी ती साथ एकटीच, पेडल (सूर लांबवणारी पायाखालची कळ) न वापरता, पंधरा दिवस वाजवावी. त्यानंतर ‘वाऱ्यावर गेलेले पान’ घ्यावी. पिंगळ्याची रचना मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच. डिजिटल वाद्याच्या पट्ट्या वजनदार असतील तर बहुतेक काम भागेल, फक्त पेडल अर्धवट दाबण्याची सोय त्यात आहे का ते तपासून पाहावे, कारण या संगीतात पेडल पूर्ण दाबले की सगळे धुक्यात जाते.

ऐकण्यासाठी रुडॉल्फ फिरकुश्नी यांचे वादन पहिले. ते बालपणी ब्रनोमध्ये खुद्द यानाचेक यांच्याकडे शिकले होते आणि त्यांच्या वादनात कुठेही अवाजवी हळवेपणा नाही. त्यानंतर आंद्रास शिफ ऐकावेत.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. आता पंचवीस वर्षे कॅनडात आहे. घर पडले, आजी गेली, वाट खरोखरच बुजली. मला पियानो बऱ्यापैकी येतो. गावावर काही रचावे असे फार वाटते, पण जे सुचते ते समुद्राच्या लाटा आणि पावसाच्या सरी यांपलीकडे जात नाही. काय करावे? — एक वाचिका, टोरांटो

लाटा आणि सरी बाजूला ठेवाव्यात, असे मी आपुलकीने सांगेन. त्या कोणाच्याही गावाच्या असू शकतात. यानाचेक यांच्या दहा नावांकडे पुन्हा पाहा. त्यांत डोंगर नाही, नदी नाही, ऋतू नाही. संध्याकाळी एकत्र बसणे आहे, कुणाचा तरी निरोप आहे, साळुंक्यांसारख्या कलकलणाऱ्या मुलींवरची एक रचना आहे (मूळ चेकमध्ये तिथे पाकोळ्या आहेत), बोलणे पुरे न होणे आहे. हुक्वाल्डीचा पडका किल्ला आणि त्याभोवतीचे रान इतके देखणे असूनही त्यांनी त्यांचे चित्र काढले नाही. गावातल्या माणसांच्या आवाजातून त्यांनी गाव उभे केले.

ही पद्धत आपल्यालाही वापरता येण्याजोगी आहे. मी माझ्याकडील विद्यार्थ्यांना असे करायला सांगतो. एक माणूस निवडा आणि त्याचे एकच वाक्य आठवा, जे त्याने आयुष्यभर एकाच तऱ्हेने म्हटले. उदाहरणार्थ, उशिरा घरी पोहोचल्यावर ओटीवरून विचारलेले ‘आलास का रे?’ हे वाक्य मोठ्याने म्हणा. ‘आलास’चा ‘ला’ उंच जातो, ‘का’ जरा घसरतो आणि ‘रे’ लांबत खाली येऊन टेकतो. पियानोवर ते स्वर शोधा. बहुधा तीन किंवा चारच निघतील. मग तेच वाक्य रागावून म्हटले असता, आणि माणूस थकलेले असता, स्वर कसे बदलतात ते पाहून तेही लिहा. एवढ्या तीन ओळींतून दोन पानांची रचना निघू शकते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या गावाची असणार नाही.

यानाचेक यांची लोकगीतांशी जवळीक इतकी असूनही ही मालिका म्हणजे लोकगीतांची पियानोवरची मांडणी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. वाक्ये तोकडी, लांबी विषम, मध्येच तोडलेला स्वर, एकच आकृती परत परत म्हणणे हे गुण त्यांनी गाण्या-बोलण्यातून उचलले आणि चाल मात्र स्वतःची बांधली. म्हणून एखादे भारूड किंवा पाळणा घेऊन त्याला साथ जोडण्याची घाई करू नये.

नाव शेवटी द्यावे. रचना झाल्यावर ती काही महिने तशीच ठेवावी, अधूनमधून वाजवावी आणि ती आपल्याला काय ऐकवते आहे ते पाहावे. तूर्त आजीने आपल्याला अंगणातून कसे बोलावले ते आठवा, आणि त्या हाकेचा शेवटचा उतरता स्वर कोणत्या पट्टीवर येऊन टेकतो, तो आज संध्याकाळी पियानोवर शोधा.